काठ धर

जानेफळात चाळिशीच्या आतलं जे कोणी माणूस पोहतं, ते गुलाबरावाच्या विहिरीत शिकलेलं असतं. जे पोहत नाही, त्यालाही गुलाबरावानं एकदा ढकलून पाहिलेलं असतं; फक्त नंतर त्याची आई घरी येऊन भांडून गेलेली असते.

गुलाबरावाचा धंदा मोटारीचा. मोटार म्हणजे चार चाकांची नव्हे, विहिरीत पाणी उपसायला सोडतात ती. जळली की वर काढायची, दुरुस्त होऊन आली की परत सोडायची, पाइपाच्या तळाशी असलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की बुडी मारून मोकळा करायचा. मेहकर तालुक्यातल्या कितीतरी विहिरींचा तळ त्यानं हातानं चाचपलेला. कोणाची बादली, कोणाचा विळा, एकदा तर डोणगावच्या एका बाईचं मंगळसूत्र त्यानं गाळातून शोधून दिलं होतं. माणसंही काढली होती. पोलिसांचा निरोप यायचा, हा सदरा काढून पायऱ्या उतरायचा, आणि काम झालं की कोणाशी न बोलता घरी जायचा. अशी सहा माणसं. त्यांची नावं त्याला पाठ होती, पण तोंडानं तो ती कधी घेत नसे.

उन्हाळा लागला की त्याच्या विहिरीवर जत्रा भरायची. पोराच्या पाठीला रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधायचा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक गुलाबरावाच्या मुठीत. आठ दिवसांनी कॅन काढायचा, पंधरा दिवसांनी दोर. फुकट शिकवायचा, पण शिव्या भरपूर द्यायचा. शिकवण म्हणाल तर दोनच शब्दांची. पोरगं घाबरलं, नाकातोंडात पाणी गेलं, हातपाय झाडू लागलं, की हा वरून ओरडायचा, "काठ धर बे! काठ धर!" विहिरीत हेच शहाणपण. तिथलं पाणी काही कुठं पळून जात नाही. चार हात मारले की कोणत्या तरी बाजूला दगड लागतोच. काठ धरला तो वाचला, मधे थांबला तो गेला. त्यानं काढलेली सहाच्या सहा माणसं मधे थांबलेली होती.

हे दोन शब्द पुढं गावाचेच झाले. ग्रामसभेत कोणी लांबण लावली की मागून आवाज यायचा, "काठ धर आता!" नवरा बाजारातून उशिरा आला की बायका म्हणायच्या, "लागला का काठ?" गुलाबरावाला हे ऐकून बरं वाटायचं. आपल्या तोंडचा शब्द गावभर फिरावा, असं कोणाला वाटत नाही?

त्याचा सगळ्यात तयार चेला म्हणजे त्याचा पुतण्या राजकुमार. गुलाबरावाचा थोरला भाऊ उत्तमराव दारूनं गेला, तेव्हा पोरगं सात वर्षांचं होतं. उत्तमरावाचं मरण काही एका दिवसाचं नव्हतं. चार वर्षं तो रोज थोडा थोडा मरत होता आणि मंजुळावहिनी ते रोज पाहत होती. तेराव्याच्या दिवशी तिनं सात वर्षांच्या पोराच्या हातात भाकर ठेवून त्याला शपथ घ्यायला लावली, की या घरात पुन्हा दारूचा थेंब येणार नाही. पोराला शपथ म्हणजे काय हे कळत नव्हतं. त्यानं भाकर खाऊन टाकली.

पुढं गुलाबरावानंच त्याला सांभाळलं. स्वतःला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळा जीव त्याच्यावर. विहिरीच्या थारोळ्यावरून, जिथं पूर्वी मोट रिती व्हायची त्या दगडावरून, राजकुमार सूर मारायचा तेव्हा पाणी उडायचंही नाही. अठराव्या वर्षी तो काकाच्या आधी तळाला हात लावून यायला लागला, आणि काका चारचौघांत म्हणायला लागला, "हे पोट्टं पाण्यात मरणार नाही."

एकविसाव्या वर्षी ते पाण्यातच मेलं.

दिवाळीच्या सुट्टीत चार मित्र जीप घेऊन कोकणात गेले होते. दुपारी समुद्रात उतरले, राजकुमार सगळ्यांच्या पुढं गेला, तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला. गुलाबराव त्याला आणायला गेला, पण समुद्र त्यानं पाहिला नाही. दवाखान्याच्या मागच्या दारानं आत, त्याच दारानं बाहेर. भिंतीपलीकडून सारखा घरघर आवाज येत होता, तो त्याला जनरेटरचा वाटला.

पोरांच्या जीपमध्ये बाटल्या सापडल्या. झालं! गावाला एवढं पुष्कळ होतं. इतका पट्टीचा पोहणारा बुडतोच कसा? पिऊन उतरला असेल. बापाच्याच वाटेनं गेला. पोटात दारू होती का ते तपासायला व्हिसेरा राखून ठेवलाय, रिपोर्ट यायचाय, असं पोलीस म्हणाले. तो काही आला नाही आणि आणायला कोणी गेलं नाही. त्याचा मित्र गोपाल घरोघर सांगत फिरला, की बाटल्या आमच्या होत्या, राजकुमारनं तोंडही लावलं नाही. "तो आमच्या समोरच होता हो काका. काठाकडंच पोहून राह्यला होता. हात मारून राह्यला होता, पण जवळच येत नव्हता. किती तरी वेळ. आमाले वाटलं मजाक करून राह्यला." हे ऐकून तर लोकांची खात्रीच पटली, की सगळेच प्यालेले होते. काठाकडं पोहणारा माणूस काठाजवळ येत नाही, हे कोणी शुद्धीत पाहतं का?

गुलाबरावालाही ते खोटंच वाटलं. तो काही बोलला नाही, एवढंच.

मंजुळावहिनीनं गोपालला दारातून हाकललं. पोराचं वर्षश्राद्ध घातलं नाही. पहिलं नाही, दुसरंही नाही. "भाकर हातात घेऊन शपथ खाल्ली होती त्यानं. पिऊन मेला त्याचं कायचं श्राद्ध?" म्हणाली. भजनाला जाणं तिनं बंद केलं, हळदीकुंकवाला तर ती आधीच जात नव्हती. रडली मात्र नाही. गावात बायका म्हणत, दगड आहे बाई.

आणि गुलाबराव? त्याला वाईट वाटत होतं असंही म्हणता येणार नाही. त्याला काहीच वाटत नव्हतं. त्यानं विहिरीच्या पायऱ्यांवर बाभळीचे काटे टाकले आणि पोरांना शिकवणं सोडलं. मोटारी काढायचा, पण दोर सोडून, वरून. जेवताना भाजी अळणी आहे हे त्याला कळत नसे. बायको कोकिळा मीठ घालायला विसरली तर तीच पहिल्या घासाला चपापायची, हा ताट रिकामं करून उठलेला असायचा. दोन वर्षं अशी गेली.

मग यंदा जानेवारीत शाळेचे धम्मदीप सर घरी आले. दहावीची सहल समुद्रावर न्यायची होती आणि पालक सोडायला तयार नव्हते. राजकुमारचं नाव निघायचं आणि बैठक मोडायची.

"गुलाबभाऊ, तुमी संगं येत असान तर पाठवतो म्हणतात," सर म्हणाले. "तुमच्याइतकं पाणी कोणाले समजते?"

"मले काही समजत नाही सर."

"या ना. किनाऱ्यावर नुसते उभे राहा."

कोकिळा आतून म्हणाली, "जा. घरी बसून तरी काय करून राह्यले?" तर तो गेला. नाही म्हणायलाही काही तरी वाटावं लागतं.

हा किनारा राजकुमार गेला तो नव्हता. दुसऱ्या जिल्ह्यातला, शांत, सुरूच्या झाडांचा. बस सकाळी पोचली आणि गुलाबरावानं समुद्र पाहिला. काठ एकाच बाजूला होता. बाकी तिन्ही बाजूंना काही नव्हतं. आणि तो घरघर आवाज जनरेटरचा नव्हता, हे त्याला तेव्हा कळलं.

तिथं शाकिर नावाचा जीवरक्षक होता. तिशीतला, सावळा, बाप मासेमारी करणारा, गळ्यात शिट्टी. त्यानं सगळ्यांना वाळूत बसवलं आणि आधी अर्धा तास नियम ऐकवले. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मधेच पाण्यात जायचं. गुडघ्यापर्यंत, फार तर मांडीपर्यंत. जेवून लगेच उतरायचं नाही. भरती-ओहोटीची वेळ विचारल्याशिवाय तर पाऊलही टाकायचं नाही. बोटीवर बसायचं तर लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावून. एक पट्टा सुटा दिसला तर खाली उतरवणार, पैसे परत. शिट्टी दोनदा वाजली की सगळे बाहेर.

"पोहता कोणाकोणाला येतं?" त्यानं विचारलं. सात-आठ हात वर गेले. "तुमचीच मला काळजी. ज्याला येत नाही तो गुडघ्यापुढे जात नाही. आता नीट ऐका. लाटा फुटतायत तिथलं पाणी किनाऱ्याकडे येतं. आलेलं पाणी परत कुठून तरी जाणार ना? ते जातं मधल्या एखाद्या पट्ट्यातून. तिथं लाट फुटत नाही. पाणी गुळगुळीत, शांत दिसतं. ती जागा सगळ्यात वाईट. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहायचं नाही. अजिबात नाही. आडवं पोहायचं, किनाऱ्याला धरून. ओढ संपली की मग किनाऱ्याकडे यायचं. जमत नसेल तर पाठीवर पडून राहा, एक हात वर करा. आम्ही बघतोय."

गुलाबराव पोरांच्या मागं उभा होता. त्यानं मान हलवली. ग्रामसभेतही तो अशीच मान हलवत असे.

सगळ्यांना जॅकेट मिळालं, तसं गुलाबरावालाही. तो म्हणाला, मले काऊन? शाकिर म्हणाला, नियम सगळ्यांना. पट्टे आवळले तसं पोरांना हसू आवरेना. "गुलाबबाबाले कॅन बांधला रे!" एकानं ओरडून सांगितलं, आणि धम्मदीप सरसुद्धा तोंड फिरवून हसले. गुलाबराव झेंड्याजवळ, पोरांच्या पुढं, कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. पोरं लाटांत कोलमडत होती, खारट पाणी थुंकत होती, आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिल्याचा गोंधळ करत होती. बोटीवर गेलेली सहा जणं किंचाळत एक चक्कर मारून सुखरूप परत आली. सगळं ठीक चाललं होतं.

पोरांचा चेंडू झेंड्याच्या बाहेर गेला. गुलाबरावानं पाहिलं, तिथं लाट नव्हती, पाणी कसं गुळगुळीत होतं. विहिरीच्या माणसाला शांत पाणी भलं वाटतं. आत्ताच ऐकलेलं त्याला आठवलं नाही असं नाही. पण आठवणं वेगळं आणि चाळीस वर्षांची सवय वेगळी. तो चार हात मारून चेंडूपाशी गेला.

चेंडू हातात आला तेव्हा पायाखाली वाळू नव्हती. त्यानं चेंडू सोडला आणि वळला. काठ समोरच होता. सर दिसत होते, पोरं दिसत होती. त्यानं हात मारायला सुरुवात केली. सावकाश, दमदार, नेहमीसारखे. थोड्या वेळानं मान वर केली तर सर तेवढेच लांब. त्यानं जोर वाढवला. पुन्हा पाहिलं. सर जरा लहानच दिसले.

शिट्टी ऐकू आली. शाकिर काठानं धावत होता, हातानं बाजूला खूण करत होता. "आडवे जा काका! आडवे!" गुलाबरावाला ते स्पष्ट ऐकू आलं, कळलंही. पण अंग वळेना. अंग काठाकडंच जात होतं. हातांना, पायांना, मानेला एकच गोष्ट ठाऊक होती. भीती वाटत नव्हती. दोन वर्षांत कशाचीच वाटली नव्हती. तिकडं पोरं त्याच्याकडे बघून हसत होती, हात हलवत होती. त्यांना वाटलं गुलाबबाबा मजाक करून राह्यला.

आणि तेव्हा त्याला गोपाल आठवला. किती तरी वेळ, काका. जवळच येत नव्हता.

त्याचे हात आपोआप थांबले. जॅकेटनं त्याला वर धरून ठेवलं. शाकिर लाल तरंगता पट्टा घेऊन पोचला, तो त्याच्या काखेखालून घातला, आणि दोघं आडवे जात जात बरेच पुढं, दगडांच्या अलीकडे बाहेर आले.

वाळूत बसल्यावर शाकिर म्हणाला, "विहिरीत शिकलात ना?"

"कसं वळखलं?"

"सगळे तसेच करतात. सांगितलं तरी करतात."

गुलाबरावानं त्या गुळगुळीत पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पट्टीचा पोहणारा. एकवीस वर्षाचा. दारू नाही, काही नाही. असा बुडते का?"

शाकिरनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "पिऊन बुडणारे पुष्कळ असतात, काका. पण प्यायलेला नसला म्हणून समुद्राचं काही अडत नाही. पट्टीचा असेल तर जास्त वेळ हात मारतो, एवढाच फरक. दमेपर्यंत किनाऱ्याकडेच येत राहतो."

"तोंड काठाकडं करून."

"हो."

गुलाबराव उठला, जॅकेटचे पट्टे सोडले आणि बसमध्ये जाऊन बसला. सरांनी जेवायला बोलावलं तर तो जेवलाही.

आता सगळं सरळ होतं. गोपाल खरं बोलत होता. राजकुमारनं शपथ मोडली नव्हती. पोरगं पाऊण तास असेल नाही तर वीस मिनिटं, जेवढा दम होता तेवढा वेळ काकानं शिकवलेलं करत होतं. त्याच्या मरणाला दारूची गरजच नव्हती. काकाचे दोन शब्द पुरेसे होते. हे सांगितलं तर वहिनीचं पोरगं तिला परत मिळणार होतं, आणि दीर जाणार होता. दोन्ही एका वाक्यात. एक ठेवून दुसरं सांगायची काही सोय नव्हती. त्यानं बसमध्ये पुष्कळ उलटसुलट करून पाहिलं.

घरी आल्यावर त्यानं कोकिळेला सांगितलं. ती चुलीपुढून उठलीच. "काही सांगू नका. दोन वर्षं झाली. ती तुमाले खुनी म्हणंल. गाव म्हणंल. आन् पोट्टं काही उठून येणार आहे का?"

"ती त्याचं श्राद्ध घालत नाही."

"नाही घालत तर नाही. तुमाले काय करायचं?"

चार दिवस त्यानं ऐकलं. पाचव्या दिवशी दुपारी डोणगावहून मोटार सोडून येताना तो घरी न वळता सरळ मंजुळावहिनीकडे गेला. ती ओसरीवर सूप घेऊन तुरीतले खडे वेचत होती. त्याला बघून तिनं पदर सारखा केला आणि पाट सरकवला.

त्यानं सगळं सांगितलं. गुळगुळीत पाणी, ओढ, आडवं पोहणं, आपलं अंग कसं वळेना ते. गोपाल काय म्हणाला होता ते. आवाज सपाट होता, जशी मोटार किती फुटांवर सोडली ते सांगावं. शेवटी म्हणाला, "म्या त्याले एकच शिकवलं होतं वहिनी, का घाबरला का काठ धर. समुद्रात तेच करू नये म्हणतात. त्यानं तेच केलं."

मंजुळावहिनीचा हात सुपात थांबला होता.

"म्हंजे पेलेला नव्हता?"

"नाही."

"एक घोटबी?"

"नाही. पेलेला माणूस एवढा वेळ हात मारूच शकत नाही."

गुलाबराव शिव्यांची वाट पाहत होता. खरं सांगायचं तर तो त्यासाठीच आला होता. कोणी तरी तोंडावर म्हणावं, तू मारलंस, म्हणजे कुठं तरी लागेल, दुखेल.

"ऐकलं का वहिनी? माह्या शिकवण्यानं गेला तो."

"ऐकलं ना. बहिरी आहे का मी?" ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवलं. "मले दोन वर्षं वाटत होतं, मरतानी त्यानं कोणाचंच ऐकलं नाही. ना माह्यं, ना तुमचं. बापावानी." तिचा आवाज फाटला. "त्यानं ऐकलं भाऊजी. दम संपेपर्यंत ऐकलं."

आणि ती रडली. दोन वर्षांचं सगळं एकदम, मोठ्यानं, छाती पिटून. शेजारपाजारच्या बाया हातातली कामं टाकून धावत आल्या, काय झालं म्हणून विचारू लागल्या. मंजुळावहिनी एकेकीचा हात धरून सांगत होती, माह्या पोरानं दारू पेली नव्हती वं, माह्या पोरानं शेवटपर्यंत काकाचं ऐकलं, आणि बाया वळून वळून गुलाबरावाकडे पाहत होत्या.